चूक अजाणता झाली, पण देणे कोणाचे?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. न्हावा-शेव्याहून निघालेले 'एमएससी चित्रा' एका अंगाला कलले, त्यावरील शेकडो कंटेनर पाण्यात कोसळले आणि जहाजाच्या इंधनापैकी सुमारे ८०० टन तेल समुद्रात मिसळले. उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर काळा तवंग आला. रमजान अवघा चार-पाच दिवसांवर होता. मी तेव्हा मदरशाचा विद्यार्थी होतो. आमच्या ओळखीच्या एका दालदी चाचांनी मला विचारले, "जहाजवाल्यांनी हे मुद्दाम थोडेच केले? मग गुन्हा नाही म्हणायचा का? आणि माझ्या मासळीला गिऱ्हाईक नाही, ते कोण भरून देणार?"

मी घाईने नियतीची हदीस सांगितली: कर्मांचे मोल हेतूवर ठरते. चाचा गप्प राहिले. माझे उत्तर अर्धे होते, हे मला पुढे फिक्हच्या तासाला उमगले.

फुकहांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. गुन्ह्याचा, म्हणजे पापाचा, संबंध हेतूशी आहे. भरपाईचा, ज्याला 'जमान' म्हणतात, संबंध झालेल्या हानीशी आहे. झोपेत कूस बदलताना कोणाच्या हातून दुसऱ्याचे भांडे फुटले, तर तो पापी नाही. पण भांड्याची किंमत त्याने द्यायचीच आहे. अल्लाहचे हक्क तौबेने माफ होऊ शकतात. बंद्यांचे हक्क मात्र ज्याचे त्याला दिल्यावाचून किंवा त्याने माफ केल्यावाचून सुटत नाहीत.

आपल्या न्यायव्यवस्थेनेही भरपाईची वाट धरली आहे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, कोळसा घेऊन निघालेले 'एम. व्ही. राक' मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली १०० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठरविली. पाच वर्षे लागली, ही गोष्ट वेगळी; चाचांसारख्या माणसाची चूल पाच वर्षे थांबत नाही.

पण खरा पेच पैशाच्या पलीकडे आहे. प्रेषितांच्या (स.) घरी एकदा ताट फुटले, तेव्हा त्यांनी त्याच्या बदल्यात अखंड ताट परत पाठविले. खाडीच्या बदल्यात अखंड खाडी कोठून आणायची? तिवराची श्वासमुळे चिखलातून वर डोकावतात आणि त्यांवरील सूक्ष्म छिद्रांनी हवा घेतात. जाड इंधनतेलाचा थर बसला की झाड उभ्या जागी गुदमरते. त्या मुळांच्या आश्रयाने कोळंबीची पिल्ले वाढतात, खेकडे आणि निवट्या राहतात. वरचा तवंग लाटांनी विरतो. चिखलात मुरलेले तेल मात्र हवेअभावी लवकर कुजत नाही, वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणजे ज्यांचे नुकसान झाले, त्यांतील पुष्कळ जीव तेव्हा जन्मालाही आलेले नसतात. त्यांची माफी कोणाकडे मागायची?

सूरह अर्-रूममध्ये जमिनीवरील आणि समुद्रातील बिघाडाचे कारण माणसांच्या हातांची कमाई असे सांगितले आहे. तेथे कोणा एका कप्तानाचे हात नाहीत. 'चित्रा' हे तेलवाहू जहाज नव्हते. कंटेनरांत भरून आपल्यासारख्यांच्याच वापराचा माल ते वाहत होते. म्हणून सारेच सारखे देणेकरी, असे मात्र मी म्हणणार नाही. सगळ्यांचा दोष म्हटला की कोणाचाच उरत नाही, आणि ज्याच्या हातात सुकाणू होते तो अलगद सुटतो. जमान आधी त्याच्यावरच आहे.

अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे: इल्म असणाऱ्यासाठी पाण्यातील मासेदेखील मगफिरत मागतात. मदरशातून बाहेर पडताना ही हदीस आम्हाला मोठ्या कौतुकाने ऐकविली गेली होती. त्यानंतर मी शेकडो जुम्यांना मिंबरवर उभा राहिलो. त्या माशांच्या हक्काविषयी एकही खुतबा दिल्याचे मला आठवत नाही.