सुटीचा दिवस आणि एकट्याची वाट

सुटीच्या दिवशी पहाटे सायकल काढावयाची, कोणासही बरोबर न घेता इंदूरहून ओंकारेश्वरास जावयाचे आणि दुसऱ्या दिवशी तसेच परतावयाचे, असा बेत एखाद्या तरुणाने सांगितला की घरातील वडीलधारी मंडळी त्यास दोन प्रश्न विचारतात. बस असता हा खटाटोप कशाला, हा पहिला. आणि जावयाचेच तर एकट्याने का, हा दुसरा. पहिला प्रश्न सोयीचा आहे. दुसरा मात्र नीतीचा आहे, व त्याचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

प्रथम सोयीचा प्रश्न पाहू. हा मार्ग सुमारे ८० किलोमीटरांचा. ताशी १५ किलोमीटर चालविणाऱ्यास विसावा धरून सहासात तास लागतात. सिमरोल मागे पडल्यावर भेरूघाटात विंध्याचा उतार लागतो. पुढे बडवाह आणि मोरटक्क्यास नर्मदेवरील पूल. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि नर्मदेचे खोरे त्याहून पुष्कळच खाली. त्यामुळे जाताना जे सुख फुकट मिळाले असे वाटते, त्याचा हिशेब परतीच्या घाटात स्वतःच्या पायांनी चुकता करावा लागतो. बसमध्ये बसलेल्या मनुष्यासही घाट दिसतो; पण त्याची किंमत दुसऱ्या कोणी, म्हणजे यंत्राने, दिलेली असते. आपण घेतलेल्या सुखाची किंमत आपणच मोजावी, एवढा धडा एका दिवसात मिळत असेल तर तो खटाटोप व्यर्थ म्हणता येणार नाही.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. सारख्या चाकांची व साखळीची आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली प्रचारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी तिच्या चाकांत हवा भरली. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. सामान्य मनुष्यास दूर जाण्याचे साधन आणि त्यासाठी लागणारा मोकळा दिवस, ही दोन्ही अशी पाच वर्षांच्या आत जगात आली. सुटी ही आपोआप उगवणारी वस्तू नव्हे. ती कोणी तरी झगडून मिळविलेली आहे. म्हणून ती कशी वेचावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

आता दुसरा प्रश्न. आपली परंपरा समुदायाची आहे. वारकरी पंढरीस दिंडीने जातो. सण असो वा उत्सव, तो चारचौघांत साजरा होतो. शिवाय पुष्कळ घरांत सुटीच्या दिवशीच काम अधिक असते. देवळाच्या आश्रयाने राहणाऱ्या घरांत तर रविवार असा नसतोच. इतरांस जेव्हा सुटी तेव्हाच तेथे पहाटेपासून घाई. अशा स्थितीत एकाने उठून एकट्यासाठी वाट धरावी, हा स्वार्थ नव्हे काय?

या प्रसंगी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताची कथा आठवते. नाथमहाराजांनी याच स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली. अवधूताच्या चोवीस गुरूंत एक कुमारी आहे. घरची माणसे बाहेर गेली असता तिला पाहावयास पाहुणे आले. त्यांच्या भोजनासाठी ती आत भात कांडू लागली, तेव्हा हातांतील कंकणे वाजू लागली. घरचे दैन्य पाहुण्यांस कळेल म्हणून तिने ती एकेक उतरविली. दोन राहिली तरी नाद होई; प्रत्येक हाती एकच उरले तेव्हा तो थांबला. अवधूताने यावरून एकांताचा बोध घेतला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती कुमारी त्या वेळी काय करीत होती, याकडेही पाहिले पाहिजे. ती लोकांपासून पळत नव्हती; आलेल्यांसाठीच धान्य कांडीत होती. कंकणांचा गलबला तिने थांबविला तो अतिथीच्या सेवेसाठी.

एकट्याच्या प्रवासाची कसोटी येथेच सापडते. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. सोबत कितीही असो, सायकलीवर प्रत्येकास आपले पायंडल आपणच मारावे लागते. एकट्याच्या वाटेवर एवढाच भेद की वेगाची वाहवा करणारा कोणी नसतो, आणि उशिराचा दोष ज्याच्या माथी मारावा असाही कोणी नसतो. मनुष्यास स्वतःचे खरे माप कळते. परंतु त्याचबरोबर हेही कळते की एकटेपणा म्हणजे स्वावलंबन नव्हे. पंक्चर काढून देणारा, पाण्याचा तांब्या पुढे करणारा, घाटात मोटार हळू करून वाट देणारा, या सर्व अपरिचितांच्या आधारावरच तो एकटा पुढे जातो.

आणि सर्वांत मोठा आधार घरी असतो. आपण बाहेर पडलो त्या दिवशी पाणी कोणी भरले, आजाऱ्यास औषध कोणी दिले, परत येईपर्यंत काळजी कोणी वाहिली? बहुधा आईने, बहिणीने किंवा वहिनीने. तिच्या पंचांगात असा मोकळा दिवस वर्षातून किती वेळा येतो, हे विचारावयाचे आपण सहसा विसरतो. म्हणून कोठे जातो आणि केव्हा परतू हे सांगून निघणे, आपल्या वाटचे काम आधी उरकणे, उतारावर जिवाशी खेळ न करणे, एवढ्याने कर्तव्य संपत नाही. आपला एक दिवस कोणी सांभाळला असेल तर त्याचा दिवस आपण सांभाळला पाहिजे. भेरूघाट उतरताना मिळालेला वेग परतीच्या चढावर फेडावा लागतो, तसेच हेही ऋण आहे. आणि ते ज्याचे त्यानेच फेडावयाचे असते.

तेव्हा एकट्याने जाणे हा स्वार्थ आहे की नाही, याचा निर्णय त्या दिवशी रस्त्यावर होत नाही. तो पुढच्या सुटीस होतो. त्या दिवशी सायकल भिंतीशी टेकवून तरुणाने चुलीपाशी बसावे, घागरी भराव्या, आणि घरातील ज्या माणसास आजवर मोकळा दिवस मिळाला नाही त्यास म्हणावे, "आज तुम्ही जा, घर मी पाहतो." मग ते माणूस माहेरी जाईल, नर्मदेवर जाईल, किंवा नुसते स्वस्थ बसेल. कोठे जावे, हे मात्र आपण सांगू नये.