सत्काराची थैली

आमच्या पारनेर तालुक्यांत गांवच्या यात्रेला कुस्त्यांचा हगामा भरल्यावांचून यात्रा पुरी झाली असें कोणी मानीत नाहीं. हलगी वाजूं लागते, पंच फेटे बांधून मैदानांत उतरतात, लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, आणि दिवस कलूं लागला म्हणजे मोठ्या इनामाची नेमलेली कुस्ती होते. जिंकलेला पैलवान मग मैदानाभोंवतीं फेरी घालतो, आणि ज्याला त्याचा डाव आवडला तो त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतो. त्या घटकेला पैलवानाच्या बापाची बागाईत किती एकर आहे हें कोणी विचारीत नाहीं. आणि घरचा सुखवस्तु असला तरी पैलवानहि ती नोट परत करीत नाहीं. परत केली तर उलट लोकांसच राग येईल. या साध्या देवघेवींत कोणास कांहीं खटकत नाहीं. परंतु हीच देवघेव दहा रुपयांची न राहतां कोटींची झाली, आणि घेणारा आधींच कोट्यधीश असला, म्हणजे मात्र मनांत प्रश्न उभा राहतो: संपन्न खेळाडूनें लोकांच्या कृतज्ञतेचें द्रव्य घ्यावें काय? आणि घेतल्यास त्यांत अन्याय कोणावर होतो?

इंग्लंडांत हा प्रश्न फार जुना आहे. तेथील धंदेवाईक क्रिकेटपटूचा पगार बेताचा, हंगाम उन्हाळ्यापुरता, आणि चाळिशीच्या आंतबाहेर शरीर थकलें म्हणजे पुढची तरतूद कांहीं नाहीं, अशी एके काळीं स्थिति होती. म्हणून ज्या काउंटीकडून तो वर्षानुवर्षें खेळला ती काउंटी एक सामना त्याच्या नांवें सोडून देई. त्या दिवसाचें उत्पन्न त्याचें. यास 'बेनिफिट' म्हणत. रग्बी लीगमध्येंहि एकाच संघाची दहा वर्षें सेवा केलेल्या गड्यास 'टेस्टिमोनियल'चा मान देण्याची चाल पडली. केंटचा फलंदाज जेम्स सेमूर याच्यासाठीं १९२० मध्यें कँटरबरी येथें झालेल्या सामन्याच्या उत्पन्नावर सरकारनें प्राप्तिकर मागितला. तो वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १९२७ मध्यें निकाल लागला कीं, ही रक्कम नोकरीचा मोबदला नव्हे. चाहत्यांनीं एका व्यक्तीस दिलेली ती देणगी आहे. सबब तिच्यावर कर नाहीं. पुढें काळ बदलला. खेळाडूंचे पगार वाढले, आणि ज्यांस गरज उरली नाहीं अशांच्या नांवानेंहि सामने होऊं लागले. अखेर एप्रिल २०१७ पासून तेथील कायद्यानें अशा देणगीरूप उत्पन्नांतील पहिले १ लाख पौंड सोडून वरच्या रकमेवर कर बसविला. जी रेषा घेणाऱ्यानें आपल्या विवेकानें ओढावयाची ती शेवटीं कायद्यास ओढावी लागली.

आपल्याकडे अशा सामन्यांची प्रथा तितकी रुजली नाहीं. तथापि तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न निराळ्या वेषानें आपल्याहि दारीं आला आहे. २०१२ मध्यें भारतीय क्रिकेट नियामक मंडळानें निवृत्त खेळाडूंस एकरकमी देणग्या दिल्या. हेतु निःसंशय स्तुत्य होता. जुन्या पिढीच्या कित्येक खेळाडूंस आयुष्यांत प्रथमच खेळानें कांहीं दिलें. पण त्या देणगीचें माप पाहा. शंभरांवर कसोटी सामने खेळलेल्यास दीड कोटि, आणि दहांहून कमी खेळलेल्यास ३५ लाख. ज्याच्या कसोट्या अधिक त्याची कीर्ति अधिक, आणि कीर्तीमागून येणारें द्रव्यहि बहुधा अधिक. गरजेचें माप लावलें असतें तर ही उतरंड उलटी रचावी लागली असती. सेवेचें माप लावलें म्हणून ती अशी रचली गेली. मग ती देणगी गरजेस होती कीं सेवेस, याचा उलगडा त्या आंकड्यांवरून होत नाहीं.

दुसरें उदाहरण त्याहून ताजें आहे. जून २०२४ मध्यें भारतीय संघानें वीस षटकांच्या सामन्यांचा विश्वचषक जिंकला. मंडळानें संघास १२५ कोटि रुपये जाहीर केले. त्यानंतर जुलैमध्यें विधान भवनांत मुंबईच्या चार खेळाडूंचा सत्कार झाला, त्या वेळीं महाराष्ट्र सरकारनें आणखी ११ कोटि जाहीर केले. विरोधी पक्षानें टीका केली, सत्ताधाऱ्यांनीं ती राष्ट्राभिमानाच्या नांवानें उडवून लावली, आणि चार दिवसांत विषय संपला. पुढच्याच महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें नेमबाजीचें कांस्यपदक मिळविलें, तेव्हां सरकारनें त्यास १ कोटीचें बक्षीस जाहीर केलें. हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे वाटतें कीं, आपली कृतज्ञता पाण्यासारखी उताराकडे न वाहतां, जेथें आधींच तुडुंब भरलें आहे तिकडेच ओढली जाते.

आतां संपन्न खेळाडूच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. पहिलें म्हणणें असें कीं, देणारा खुशीनें देतो. कोणी कोणाच्या खिशांत हात घातलेला नाहीं. मग तिऱ्हाइतानें नाक कां मुरडावें? दुसरें असें कीं, खेळाडूचें कमाईचें वय थोडें. पस्तिशीनंतर त्याचें शरीर त्यास जन्मभर त्या वर्षांची किंमत मोजावयास लावतें. आणि तिसरें, जें मला सर्वांत वजनदार वाटतें, तें असें कीं, प्रेमानें पुढें केलेला हात मागें सारणें हाहि एक प्रकारचा गर्वच आहे. जो फक्त देतो आणि घेत कधींच नाहीं, तो लोकांस आपले ऋणी करून ठेवतो.

पहिल्या म्हणण्यास सरकारी देणगी मुळींच बसत नाहीं. हगाम्यांत दहा रुपये देणारा स्वतःच्या कमरेचे देतो. राज्याच्या तिजोरींतील ११ कोटींत ज्यानें तो सामना पाहिलाहि नाहीं अशा शेतमजुराच्या काडेपेटीवरचा करहि आला. परंतु खासगी देणगीचें काय? तेथें खरोखरच कोणावर जबरदस्ती नाहीं. तरीहि मला वाटतें कीं, खुशीनें दिलेलें सगळेंच घेण्यास योग्य असतें असें नाहीं. अन्नछत्राच्या दारांत कोणी कोणास अडवीत नाहीं; वाढणारा आनंदानें वाढतो; तरी भरल्या घरचा मनुष्य रोज त्या पंगतीस जाऊन बसला तर आपण त्यास नांवें ठेवूं. त्यानें नियम मोडला म्हणून नव्हे. ती पंगत ज्या विश्वासावर उभी आहे तो विश्वास त्यानें झिजविला म्हणून. 'बेनिफिट' या रूढीचा सारा ओलावा तिच्या मूळ हेतूंत आहे. म्हाताऱ्या, थकलेल्या, निराधार होऊं घातलेल्या गड्यास संघानें आणि लोकांनीं हात द्यावा, हा तो हेतु. संपन्न मनुष्य त्या रूढीचा लाभ घेतो तेव्हां दुसऱ्याच्या गरजेनें मिळविलेली सहानुभूति तो स्वतःच्या खातीं जमा करतो.

घोटाळ्याचें मूळ, माझ्या समजुतीप्रमाणें, असें आहे कीं, वेतन, दान आणि गौरव या तीन निराळ्या वस्तु आपण एकाच थैलींत कोंबतों. वेतन करारानें ठरतें; त्याचें माप काम. दान करुणेनें होतें. त्याचें माप गरज. गौरव आदरानें होतो. आणि त्यास माप नसतें. शाल-श्रीफळ हजार रुपयांचें काय आणि शंभर रुपयांचें काय, मान तोच. गौरवाची रक्कम मोजण्यासारखी झाली कीं त्याच क्षणीं तो गौरव राहत नाहीं. तो एक तर वेतन होतो, नाहीं तर दान. वेतन म्हणावें तर तें आधींच भरपूर पोंचलें आहे. दान म्हणावें तर घेणारा त्या रांगेंत शेवटचा आहे. हगाम्यांतील दहा रुपये खटकत नाहींत याचें कारण हेंच: तेथें नोट ही रक्कम नसून खूण आहे.

याच मातींत असे लोक होऊन गेले कीं ज्यांस ही विभागणी कोणी शिकवावी लागली नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांस १९५२ मध्यें हेलसिंकीस जावयाचें होतें, आणि पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनीं कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, त्यांत स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें कर्ज फेडलें. लाभासाठीं भरविलेलें मैदान याहून निर्मळ कोणतें असेल? पैसा कशासाठीं हें उघड होतें, त्यासाठीं अंगाला माती लागलेली होती, आणि तो गेला तो ज्याचा होता त्याच्याच घरीं. त्याच्या तीस वर्षें आधीं, ८ जुलै १९२१ रोजीं, बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मुंबईस 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठीं. त्या काळीं गंधर्व मंडळी कर्जांत होती. त्या रात्रीच्या उत्पन्नाची तिला गरज नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं.

आणि आपल्याच काळांतील एक उदाहरण सांगतों. २०१८ मध्यें एकोणीस वर्षांखालील संघानें विश्वचषक जिंकला, तेव्हां मार्गदर्शक राहुल द्रविड यांस ५० लाख आणि त्यांच्या साहाय्यकांस २० लाख असें बक्षीस जाहीर झालें. द्रविड यांनीं हा भेद मान्य केला नाहीं. शेवटीं सर्वांस सारखेच २५ लाख मिळाले. हा मनुष्य इंदुरास मराठी घरांत जन्मलेला, संपन्न, कीर्तिमान. त्यानें पैसे नाकारले नाहींत, उपदेश केला नाहीं. एवढेंच विचारलें कीं, माझ्याबरोबर राबलेल्यांचें काय? संपन्न मनुष्यास घेण्याची परवानगी देणारा किंवा नाकारणारा प्रश्न मला हाच वाटतो.

गर्वाच्या आक्षेपाचें उत्तरहि यांतच आहे. शिवाजी महाराजांनीं पाठविलेला नजराणा तुकोबांनीं परत केला, अशी परंपरागत कथा आहे, आणि तुकोबांस गुरु मानणाऱ्या निळोबारायांचें पिंपळनेर आमच्याच तालुक्यांत असल्यामुळें ती आम्हीं लहानपणापासून कीर्तनांत ऐकिली. तुकोबांनीं द्रव्य परत केलें. प्रेम परत केलें असें कोणत्याहि कीर्तनकारानें कधीं म्हटलें नाहीं. दोन्ही वेगळीं करतां येतात. मान शिरावर घ्यावा, आणि रक्कम जिकडे उतार आहे तिकडे जाऊं द्यावी.

एवढें लिहिल्यावर हा प्रश्न मला आतांच कां सुचला तें सांगणें भाग आहे. येत्या वर्षीं मला साठ वर्षें पुरीं होतील, आणि अध्यापनाची माझी नोकरी संपेल. गेल्या महिन्यांत माझे चार जुने विद्यार्थी पारनेरच्या घरीं आले. समारंभ करावयाचा, गौरवग्रंथ काढावयाचा, आणि पांच लाखांची थैली अर्पण करावयाची, असा बेत ते ठरवूनच आले होते. "सर, नाहीं म्हणूं नका," असें त्यांतला सर्वांत अबोल होता तो म्हणाला. मीं विचार करण्यास अवधि मागून घेतला. पण आंकडा ऐकून मन सुखावलें होतें, हें नाकारीत नाहीं. मला पूर्ण पेन्शन आहे, घर आहे, मुलें मार्गास लागलीं आहेत.

माझ्याच वर्षीं आमच्या ग्रंथालयांतील परिचरहि काम सोडणार आहेत. विद्यार्थी त्यांस मामा म्हणतात. सत्तावीस वर्षें मीं चिठ्ठीवर नांव लिहावें आणि त्यांनीं शिडी चढून पुस्तक आणावें, असें चाललें. परीक्षेच्या दिवसांत वेळ संपल्यावरहि दिवा जळत ठेवून ते मुलांना बसूं देत. त्यांची नेमणूक शेवटपर्यंत हंगामीच राहिली, म्हणून पेन्शन नाहीं. त्यांच्यासाठीं थैली काढावी असें त्या चौघांच्या मनांत आलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या दिवशीं तें माझ्याहि मनांत आलें नाहीं.

माझी थैली घेऊन ती मामांस देऊन टाकावी, असा सोपा मार्ग प्रथम सुचला. पण त्यांत उदारपणाची कीर्ति माझी आणि उपकाराचें ओझें त्यांचें, असा हिशेब होतो. म्हणून तो मीं सोडून दिला. विद्यार्थ्यांस कळविलें कीं, समारंभ दोघांचा करा, शाल-श्रीफळ दोघांस सारखें द्या, आणि वर्गणीच्या पत्रकावर आरंभापासून नांव एकट्या मामांचेंच छापा. त्यावर त्या अबोल विद्यार्थ्याचा फोन आला. तो जरा अडखळत म्हणाला, "सर, मग वर्गणी पांच लाख जमणार नाहीं."

तो खोटें बोलत नव्हता. मीं त्यास म्हटलें, "जमेल तेवढी जमूं दे. मामांनीं दिवा जळत ठेवला तेव्हां तुम्ही कितीजण आंत बसलां होतां, तें ज्याचें त्यानें आठवावें." पत्रकें या आठवड्यांत छापून येतील.