‘सार्निया’ : स्थलनाम आणि श्रोत्याचे दुःख

जॉन आयर्लंड (१८७९–१९६२) या इंग्लिश संगीतकाराची ‘सार्निया’ (१९४०–४१) ही पियानोसाठी रचलेली तीन भागांची मालिका एक नैतिक प्रश्न उभा करते, आणि तो केवळ संगीतापुरता नाही. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाचे सार्निया हे प्राचीन नाव. आयर्लंड १९३९ मध्ये तेथे राहावयास गेला. जून १९४० मध्ये, जर्मन सैन्य उतरण्यापूर्वी काही दिवस, त्याला बेट सोडावे लागले. मालिका इंग्लंडमध्ये पुरी झाली. मागे राहिलेल्यांनी जवळजवळ पाच वर्षे परकी अंमल सोसला. १९४२ मध्ये अनेकांना जर्मनीतील छावण्यांत नेण्यात आले. बाहेरून येऊन बेटावर राहिलेल्या तीन ज्यू स्त्रियांचा अंत आउश्वित्झमध्ये झाला.

रचनेत यातले काहीही नाही. पहिला भाग पश्चिम किनाऱ्यावरील एका भूशिराचा, तेथील प्रागैतिहासिक दफनस्थानाचा व चेटकिणींच्या दंतकथांचा; दुसरा मे महिन्यातील सकाळीचा, शांत व गेय; तिसरा समुद्राच्या भरतीचा, उसळता. तरीही इतिहास ठाऊक असलेल्या श्रोत्याला दुसऱ्या भागात विरह ऐकू येतो. हा विरह कोणाचा?

हान्स्लिकपासून (१८५४) चालत आलेल्या स्वायत्ततावादाचे उत्तर ठरलेले आहे : स्वरसंबंधांबाहेरचे सारे अप्रस्तुत. मर्ढेकरांचे लयतत्त्व प्रमाण मानणाराही बहुधा हेच म्हणेल. परंतु ही वाट आयर्लंडने स्वतःच बंद केली आहे. त्याने मालिकेला स्थळाचे नाव दिले. भागांच्या शिरोभागी पोम्पोनियस मेला, ह्यूगो आणि स्विनबर्न यांची अवतरणे घातली. (यांपैकी ह्यूगोला हेच बेट १८५५ पासून हद्दपारीतला आसरा होते, आयर्लंडवर तेथून निघून जाण्याची वेळ आली.) रा. भा. पाटणकरांनी ज्याला लौकिकतावादी ध्रुव म्हटले, त्याच्याकडे रचना येथे आपणहून झुकते. ज्याने बेटाचे नाव घेतले, त्याला त्या बेटाचे पुढे काय झाले ते विसरा, असे श्रोत्याला सांगता येत नाही.

मात्र नाव संदर्भाला वाट करून देते, भावनेचा पुरावा देत नाही. बेट ९ मे १९४५ रोजी मुक्त झाले. दुसऱ्या भागाच्या शीर्षकात मे महिना आहे म्हणून त्यात मुक्तीचे भाकीत वाचणाऱ्याला कोणीही हसेल. त्यात बेटवासीयांच्या यातना ऐकणाऱ्याची रीत तत्त्वतः निराळी नाही. दोघेही नंतर कळलेले आधी लिहिलेल्यात ठेवतात. दुसऱ्याची चूक अधिक गंभीर, कारण सुरक्षित पोहोचलेल्या माणसाच्या खाती तो मागे राहिलेल्यांचे दुःख जमा करतो. आयर्लंडला बेट तुटल्याचा सल असेलही. परंतु तो सल म्हणजे त्या तीन स्त्रियांचे मरण नव्हे. श्रोत्याचे दुःख खोटे नाही. पण ते त्याचे स्वतःचे आहे, आणि तसेच त्याने ते बाळगावे.

तिसऱ्या भागापाशी असा श्रोता हमखास अडतो. तेथला उघड हर्ष त्याला ‘प्रतिकार’ म्हणून समजावून घ्यावा लागतो. वस्तुतः ती भरतीच आहे. जर्मन अंमलातही ती दिवसातून दोनदा येत होती.