परक्या हातांतील ठेव

आपली प्रिय वस्तु परक्याच्या हातीं देतांना ती घट्ट बांधून, कुलूपबंद करून देणें हा त्या परक्यावर दाखविलेला अविश्वास होय काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या वर्षी एका लहानशा प्रसंगानें तो आमच्यापुढें अशा रीतीनें उभा केला कीं, त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस आमच्याच प्रामाणिकपणाची झडती घ्यावी लागली. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज परदेशीं आहेत आणि विमानानें सामान नेण्या-आणण्याचा प्रसंग त्यांजवर वारंवार येतो. म्हणून ही हकीकत त्यांच्यापुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमचे वडील बंधु सैन्यांत अधिकारी होते. तेथें जडलेला गोल्फचा नाद निवृत्तीनंतरही सुटला नाहीं. आम्हांस त्या खेळांतलें ओ कीं ठो कळत नाहीं. फुरसतीच्या वेळीं हा मनुष्य चार चार मैल चालून एक चेंडू बिळांत घालतो, यांत काय पुरुषार्थ आहे, असें आम्ही दादांस नेहमीं चिडवीत असूं. दादा हंसत आणि आपल्या काठ्या फडक्यानें पुशीत बसत. नियमाप्रमाणें खेळाडूस एका वेळीं चौदांहून अधिक काठ्या बाळगतां येत नाहींत. हा निर्बंध अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं आला. दादांजवळ बाराच होत्या. त्यांतली सर्वांत लांब, पहिला टोला मारावयाची, जिला खेळाडू 'ड्रायव्हर' म्हणतात, तिचें डोकें जुन्या पद्धतीचें, पर्सिमन झाडाच्या लाकडाचें होतें. असलीं लांकडी डोकीं मागें पडून त्यांची जागा धातूच्या डोक्यांनीं केव्हांच घेतली आहे. पण दादांनीं ती काठी टाकली नाहीं.

दादा गेल्यावर त्या काठ्या दोन वर्षें कोपऱ्यांत उभ्या होत्या. पुतण्या नोकरीनिमित्त एडिंबरोस असतो. आमचें तिकडे जाणें निघालें तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भावोजी, ह्यांची ही ठेव तेवढी मुलाच्या हातीं पोंचती करा. ज्या देशांत हा खेळ वाढला तेथें मुलगा आहे; ह्यांना बरं वाटेल.” आम्हीं होकार दिला.

गोल्फच्या काठ्या विमानांत आपल्याजवळ ठेवतां येत नाहींत. सुरक्षेच्या नियमांनीं त्यांस प्रवाशांच्या कक्षांत मज्जाव आहे. त्या विमानाच्या पोटांतच टाकाव्या लागतात. आम्हीं एक कापडी खोळ आणली, आंत दोन जुने पंचे कोंबले, सुतळीनें तोंड बांधलें आणि वर 'नाजूक वस्तु' अशी चिठ्ठी डकविली. विमानतळावरील लेखनिकेनें एक कागद पुढें केला. त्यावर आम्हीं सही केली. बांधणी अपुरी असल्यास मोडतोडीची जबाबदारी कंपनीवर नाहीं, असा त्याचा आशय असल्याचें मागाहून कळलें. विद्यार्थ्यांस ओळ न् ओळ वाचावयास शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या माणसानें तो कागद न वाचतां सही केली, हें येथें नमूद करणें आवश्यक आहे.

एडिंबरोस खोळ उघडली तों ड्रायव्हर मानेशीं, जेथें दांडा डोक्यांत शिरतो तेथें, मोडलेला. आमचा संताप अनावर झाला. हमालांच्या बेपर्वाईविषयीं, यंत्रयुगांतील माणुसकीच्या ऱ्हासाविषयीं आम्हीं जें व्याख्यान दिलें तें पुतण्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग नुकसानभरपाईचा अर्ज भरण्याची वेळ आली. त्यांत एक रकाना होता: सामान कशांत व कसें बांधलें होतें? पुतण्या म्हणाला, “काका, कठीण पेटींत होतं असं लिहा. पाहायला कोण येणार आहे?” खोटें लिहिण्याची कल्पना आम्हीं तिरस्कारानें झिडकारली, आणि लिहिलें, “खोळींत, मऊ कापडांत गुंडाळून.” शब्दशः हें खरें होतें. पुतण्यानें तें वाचलें आणि म्हणाला, “वा! काका, हें तर माझ्याहून सरस लिहिलंत.”

तो शब्द आमच्या जिव्हारीं लागला. आमचें वाक्य म्हणजे शुद्ध 'नरो वा कुंजरो वा' होतें. पुतण्याचें खोटें निदान उघडें खोटें होतें. आमचें खोटें सत्याची वस्त्रें लेवून आलें होतें. तीन आठवड्यांनीं कंपनीकडून कांहीं रक्कम आली. ती घेतांना आनंद झाला नाहीं आणि परत करण्याचें धैर्यही झालें नाहीं. त्या अस्वस्थतेंत आम्ही विचार करूं लागलों.

ठेवीचा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत ऋणानंतर लगेच 'निक्षेप', म्हणजे ठेव, येते. याज्ञवल्क्यस्मृति त्यांत आणखी एक बारीक भेद करते: भांड्यांत वा पेटींत बंद करून, आंत काय आहे हें न सांगतां जें दुसऱ्याच्या हातीं दिलें जातें तें 'औपनिधिक', आणि तें जसें दिलें तसेंच परत केलें पाहिजे, राजा, दैव वा चोर यांनीं नेलें तर मात्र ठेवणारा दोषी नाहीं. विमानांत चढणारें प्रत्येक गांठोडें हें असें औपनिधिकच होय. तें उचलणाऱ्या हमालास आंत काय आहे हें ठाऊक नसतें. विमानाच्या पोटांतील ठेंगण्या जागेंत गुडघे टेंकून, घड्याळाच्या कांट्याशीं झगडत, शेंकडों गांठोडीं रचावयाचीं असतात. एका खोळींत कुणाच्या मृत बंधूची आठवण आहे हें त्यास कोण सांगणार? आमची चिठ्ठी? 'नाजूक' हा शब्द आज इतक्या पेट्यांवर डकविलेला असतो कीं, त्याची स्थिति पत्राच्या शेवटीं येणाऱ्या 'कृपाभिलाषी' या शब्दासारखी झाली आहे. तो सर्व लिहितात आणि कोणी वाचीत नाहीं.

विमानाच्या कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे तें मोठें बोधप्रद आहे. १९२९ च्या वॉर्सा येथील करारानें सामानाची भरपाई वजनावर ठरविली: किलोस अडीचशें फ्रँकांपर्यंत. म्हणजे पांच किलोंचे दगड आणि पांच किलोंचा वडिलोपार्जित देव यांची कमाल किंमत एकच! पुढें १९९९ च्या माँट्रियल येथील करारानें वजन सोडून माणूस धरला. प्रत्येक प्रवाशामागें एक कमाल मर्यादा घातली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककांत ती प्रथम १००० होती; २८ डिसेंबर २०२४ पासून ती १५१९ झाली आहे. भारतानें हा करार २००९ सालीं स्वीकारला. मोडतोडीची तक्रार सात दिवसांच्या आंत लेखी केली पाहिजे, हाही त्यांतलाच दंडक. परंतु याच करारांत एक दार उघडें ठेवलें आहे. प्रवाशानें सामान देतांनाच त्याचें विशेष मोल जाहीर केलें, आणि मागितल्यास जादा आकार भरला, तर मर्यादा त्या मोलाइतकी वाढते. उलट वस्तूच्या अंगच्या दोषामुळेंच ती मोडली असेल तर तेवढ्यापुरता वाहक मोकळा. कायदा जणुं म्हणतो: तुझी वस्तु तुला किती प्रिय आहे हें मला दिसत नाहीं, तें तूं बोलून दाखव.

मग जें मोल बोलून दाखवितां येत नाहीं, त्याचें काय? दादांच्या ड्रायव्हरचा बाजारभाव आज नगण्यच. त्याचें मोल घोषित करावयाचें तर किती करावयाचें? येथें आम्हांस पुतण्यानें दाखविलेल्या एका साध्या साधनानें वाट दाखविली. तेथील खेळाडू काठ्या कशा नेतात, तें त्यानें आम्हांस समजावून सांगितलें. पिशवी डोक्यांच्या बाजूनें आपटली म्हणजे सर्वांत लांब काठीवर पहिला घाव बसतो आणि ती मानेशीं मोडते. म्हणून पिशवींत ड्रायव्हरहून दोन-तीन इंच उंच असा एक भक्कम दांडा उभा ठेवतात. घाव त्याच्या माथ्यावर पडतो आणि बाकीच्या काठ्या वांचतात. डोक्यांमध्यें टॉवेल भरून त्यांची आपसांतली टक्कर थांबवितात. नव्या ड्रायव्हरचें डोकें पेंचानें निघतें. तें काढून कपड्यांत गुंडाळतात. कठीण पेटी असेल तर उत्तमच. यांतलें एकही काम अर्ध्या तासाहून अधिक वेळाचें नव्हतें.

त्या उंच दांड्याचा विचार करतां करतां आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडलें. तो दांडा हमालाचा अपमान करतो काय? मुळींच नाहीं. उलट तो हमालास म्हणतो, 'बाबा रे, तुझ्या हातून चुकून गांठोडें पडलें तरी तुझ्या हातून पाप घडूं नये, अशी व्यवस्था मीं केली आहे.' जें मोल आपण दुसऱ्यास सांगूं शकत नाहीं, त्याच्या रक्षणाचा भार त्याच्यावर टाकणें हा विश्वास नव्हे. तो आळस होय, आणि पुढें त्याच्यावर संतापणें हा अन्याय होय. सावधपणा म्हणजे अविश्वास नव्हे. परक्याच्या अज्ञानाची आधीं केलेली कदर म्हणजे सावधपणा.

यावर कोणी म्हणेल, सर्व काळजी मालकानेंच घ्यावयाची तर वाहकानें काय करावयाचें? पण कर्तव्यें हीं कांहीं वाटणीचीं शेतें नव्हेत, कीं एकाचा हिस्सा वाढला तर दुसऱ्याचा घटावा. मालकानें अशी बांधणी करावी कीं जणुं वाहक निष्काळजी आहे. वाहकानें असें उचलावें कीं जणुं आंत कुणाचा जीव आहे. दोघांचीही कर्तव्यें पुरीं आहेत. कॅनडांतील गायक डेव्ह कॅरल यांची गिटार २००८ सालीं विमानप्रवासांत मोडली आणि दाद न लागल्यामुळें पुढच्या वर्षी त्यांनीं त्यावर गाणें रचलें. तें जगभर लाखों लोकांनीं ऐकलें. मिरजेचा तंबोरा घेऊन हिंडणाऱ्या आमच्या गवयांस त्यांतली व्यथा निराळी समजावून सांगावयास नको. ज्याची बेपर्वाई सिद्ध आहे त्यास जाब विचारलाच पाहिजे. आमची अडचण एवढीच कीं, जाब विचारणाऱ्याचे हात आधीं स्वच्छ असावे लागतात.

दुसरा कोणी म्हणेल, लाकडाच्या एका तुकड्यासाठीं इतका जीव पाखडणें हीच आसक्ति. ज्ञात्यानें ती सोडावी. हा आक्षेप आम्हांस प्रथम मोठा सोयीचा वाटला. पण थोड्या विचारानें त्यांतलें वैगुण्य दिसलें. स्वतःच्या वस्तूविषयीं अनासक्त होण्याचा अधिकार मनुष्यास आहे. दुसऱ्याच्या वस्तूविषयीं अनासक्त होण्याचा नाहीं. आणि ही काठी आमची नव्हतीच! ती वहिनींनीं आमच्या हातीं दिलेली ठेव होती. म्हणजे पहिले निक्षेपधारी आम्ही, हमाल दुसरा. १७०३ सालच्या कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या प्रसिद्ध इंग्रजी खटल्यांत बर्नार्डनें दुसऱ्याचीं ब्रँडीचीं पिंपें एका तळघरांतून दुसऱ्या तळघरांत नेण्याचें, मोबदला न घेतां, पत्करलें होतें. हलगर्जीनें एक पिंप फुटलें, आणि फुकट काम केलें ही सबब न्यायालयानें मानली नाहीं. आम्हीही मोबदला घेतला नव्हता. त्यावांचून आमच्यांत आणि बर्नार्डमध्यें फरक असलाच तर एवढाच, कीं आम्हांस आंत काय आहे तें पुरतें ठाऊक होतें. हमालास तें ठाऊक नव्हतें. ज्या मापानें आम्हीं त्या अज्ञात माणसास मोजलें, त्या मापानें स्वतःस मोजावयाचें आम्ही विसरलों होतों.

हें ध्यानांत आल्यावर दोन कामें उरलीं. बांधणी खरोखर कशी होती तें सविस्तर लिहून, रक्कम परत घ्यावी असें पत्र आम्हीं कंपनीस धाडलें. उत्तर आलें कीं, प्रकरण निकालांत निघालें असून तें पुन्हां उघडतां येत नाहीं. जगाच्या दप्तरांत असत्यास जागा सहज मिळते. दुरुस्तीस मिळत नाहीं, हा धडा त्या दोन ओळींनीं आम्हांस दिला. ती रक्कम आम्हीं पुतण्याच्या हवालीं केली; ती पुरली नाहीं तेव्हां पदरची भर घालून, जुन्या काठ्या नीट करणाऱ्या तेथील एका कारागिराकडून त्यानें नवा दांडा बसवून घेतला. डोकें मात्र दादांचेंच आहे.

दुसरें काम अधिक कठीण होतें. वहिनींस आम्हीं 'विमानांत मोडली' एवढेंच सांगितलें होतें. तेंही शब्दशः खरेंच. पुण्यास परतल्यावर सर्व हकीकत, पंच्यांसकट आणि न वाचलेल्या कागदासकट, त्यांना सांगितली. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही न वाचतां सही केलीत हें ह्यांना कळलं असतं ना, तर काठीचं दुःख विसरून ते पोट धरधरून हंसले असते.” आणि डोळे पुशीत त्या आंत चहा टाकावयास गेल्या.

क्षमा मिळाली, पण त्यामुळें हिशेब मिटला असें आम्ही मानीत नाहीं. अलीकडे कोणी आमच्या हातीं एखादी वस्तु पोंचती करावयास दिली कीं, तिची किंमत काय असें आम्ही विचारीत नाहीं. ती कुणाची, आणि कुणाकडे जावयाची, एवढें विचारतों, आणि घरीं जाऊन ती नव्यानें बांधतों.