शोकाची मुदत

नवरा गेल्यावर बाई किती महिने रडली तर ते दुःख, आणि कधीपासून तो आजार? प्रश्न निष्ठुर आहे, पण मानसोपचारशास्त्राला तो टाळता आलेला नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदानग्रंथाच्या १९९४ च्या आवृत्तीत जवळचे माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचे निदान करू नये, अशी सूट होती. २०१३ मध्ये ती काढली गेली. २०२२ मध्ये लांबलेला शोक हा स्वतंत्र विकार म्हणून दाखल झाला. प्रौढांसाठी मुदत किमान बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये हीच मुदत सहा महिन्यांची आहे. आठव्या महिन्यात तीच बाई एका ग्रंथाप्रमाणे रुग्ण ठरू शकते, दुसऱ्याप्रमाणे नाही.

लक्षणे आणि महिने मोजण्याची ही पद्धत गरजेपोटी आली. १९६०-७० च्या काळात रुग्णांच्या त्याच मुलाखतींच्या चित्रफिती पाहून न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत, तर लंडनचे अनेकदा दुसरेच निदान करत. त्यामुळे रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक विकाराचे नेमके निकष लिहिले गेले. डॉक्टरांचे एकमत होणे सोपे झाले. पण एकमत म्हणजे सत्य नव्हे. १९७३ पर्यंत समलैंगिकताही याच ग्रंथात विकार होती. ते निदान कुणाला लावायचे यावर दोन डॉक्टरांचे मत सहज जुळले असते. आजार मात्र तिथे नव्हताच.

तरीही शोकाच्या विकाराला नाव मिळाले, हे मला योग्यच वाटते. काही माणसे वर्षानुवर्षे त्या एका दिवसातच अडकून पडतात. त्यांच्यासाठी कॅथरीन शिअर यांनी बेतलेली उपचारपद्धती खरोखर उपयोगी पडते, आणि नाव नसेल तर त्या उपचारापर्यंत पोचणार कोण?

माझी काळजी वेगळी आहे. शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा, अशी अट दोन्ही ग्रंथांत आहे. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण करत नाहीत, हे डॉक्टरला ठाऊक असते. पण रीतच दुखावणारी असेल तर? त्याच २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. असा ठराव करावा लागला, यातच सगळे आले. माणसांत परत मिसळता न येणे हे या विकाराचे एक लक्षण आहे. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावतच नाही, तिच्या प्रश्नावलीत तेच उत्तर येईल आणि गुण तितकेच पडतील. ती स्वतः मागे सरली की तिला मागे सारले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरला तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी सावकाश बोलावे लागते, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच वेळ नसतो.