पहिल्या जोडणीचे प्रामाण्य

संकेतस्थळाच्या होस्टिंग सर्व्हरवर फायली चढवण्यासाठी एसएफटीपीची जोडणी करायची तर चार गोष्टी लागतात: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक (बहुधा २२), वापरकर्त्याचे नाव, आणि पासवर्ड किंवा किल्ली. हे सारे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते आणि फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये भरायला फारसा वेळ लागत नाही. अवघड भाग त्यानंतरचा. पहिल्याच जोडणीत प्रोग्रॅम सर्व्हरच्या किल्लीचा ठसा म्हणून एक लांबलचक अक्षरमालिका दाखवतो आणि हा सर्व्हर अनोळखी आहे, पुढे जायचे का, असे विचारतो. बहुतेक जण न वाचता ‘हो’ म्हणतात. समोरचा सर्व्हर तोच आहे, हे ज्ञान खरे कशावरून? भारतीय दर्शनांनी प्रामाण्यवाद म्हणून शतकानुशतके घोळवलेला प्रश्न तो हाच.

जुन्या एफटीपीत तो विचारलाच जात नसे. १९७१ साली अभय भूषण यांनी त्या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा लिहिला तेव्हा नेटवर्कवर मोजकीच संगणककेंद्रे होती. पासवर्ड उघडाच जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपले. त्यानंतर तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच हा कूटबद्ध जोडणीचा प्रोटोकॉल तयार केला. एसएफटीपी त्याच्याच आधारे चालते. मजकूर कूटरूपात जाऊ लागला खरा, पण ते कूट चोराशीच ठरवले गेले तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून ठसा पाहायचा.

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. पुढे बाधक ज्ञान झाले किंवा कारणातला दोष कळला, तरच ते अप्रमाण ठरते. एसएसएचची रूढ रीत वरवर पाहता अशीच आहे. पहिला ठसा स्वीकारायचा, ‘नोन होस्ट्स’ फायलीत नोंदवायचा आणि तो बदलला तरच थांबायचे. तरीही मीमांसेच्या आधाराने पहिल्या ‘हो’चे समर्थन करणे घाईचे आहे. इथे प्रोग्रॅमने स्वतःच शंका काढलेली असते, आणि शंका उठल्यावर पडताळा घ्यावा, हे कुमारिलही मानतात. फक्त तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज नाही, असे ते सांगतात.

न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, प्रामाण्य बाहेरून ठरवतात. त्यांच्यातील वात्स्यायनाची कसोटी प्रवृत्तिसामर्थ्याची, म्हणजे कृती सफल होण्याची: पाणी दिसले, प्यायले, तहान भागली, म्हणजे ते मृगजळ नव्हते. पासवर्डच्या जोडणीत ही कसोटी फसते. मधे बसलेला भामटा पासवर्ड घेऊन खऱ्या सर्व्हरकडे पोचवतो, फायलीही इमानाने पुढे धाडतो. पान बदललेले दिसते आणि तहान भागते. किल्लीने प्रवेश केला तर चित्र पालटते. तेव्हाची स्वाक्षरी त्या एकाच सत्राशी बांधलेली असल्याने भामट्याला ती खऱ्या सर्व्हरकडे वापरता येत नाही. ओळखीचे फोल्डर दिसले नाहीत की संशयाला जागा मिळते. न्यायाची कसोटी इथे बरीचशी सावरते. पासवर्डाऐवजी किल्ली वापरण्यामागचे हे कारण क्वचितच समजावून सांगितले जाते.

उरते आप्तवाक्य, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा शब्द. होस्टिंग कंपनीने कंट्रोल पॅनेलमध्ये ठसा दिला असेल तर तो अक्षर न् अक्षर ताडून पाहणे हा सर्वात सरळ मार्ग. पण ते पान तरी खरे कशावरून? ब्राउझर प्रमाणपत्र पाहतो, ते देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र पाहतो, आणि अखेर आपल्यासोबतच आलेल्या यादीपाशी थांबतो. यादीतली मूळ प्रमाणपत्रे स्वतःच स्वतःची साक्ष देतात. परतःप्रामाण्यावर, म्हणजे बाहेरून ठरणाऱ्या प्रामाण्यावर, मीमांसक अनवस्थेचा (प्रत्येक प्रमाणाला पुन्हा प्रमाण लागण्याचा) आक्षेप घेत, तो इथे युक्तिवादाने सुटलेला नाही. कुठेतरी थांबायचे ठरवून सोडवलेला आहे.

नोंदवलेला ठसा पुढे बदलला तर प्रोग्रॅम कडक इशारा देतो. हे बाधक ज्ञान, पण त्यालाही प्रमाण लागते, कारण सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला तरी असाच इशारा येऊ शकतो. मार्च २०२३ मध्ये गिटहबने आपली आरएसए किल्ली बदलली, कारण जुनी गुप्त किल्ली एका सार्वजनिक रिपॉझिटरीत काही काळ उघडी पडली होती. ती किल्ली वापरणाऱ्यांना हल्ल्याच्या वेळी दिसावा तोच इशारा दिसला. कंपनीने जाहीर केलेला नवा ठसा ताडून, जुनी नोंद काढून नवी घालणे, हाच त्यांच्यापुढचा उपाय होता.