दात आणि चणे

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा दुसरा अर्धा भाग मला कळला तो आई आमच्याकडे अमेरिकेत सहा महिने राहायला आली तेव्हा.

आईच्या बऱ्याच दाढा गेलेल्या. पोळी दुधात कुस्करायची, चकली चहात भिजवायची, हसताना तोंडाला पदर लावायची. मंडळाच्या संक्रांतीला "तुम्ही जा, मी घरीच बरी" म्हणाली. आम्हाला वाटलं, थंडीमुळे. दाताच्या डॉक्टरांचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "या वयात कशाला तो खर्च? माझं काही अडत नाही." तिच्या प्रवासी विम्यात कवळी बसत नव्हती. खर्चाचा आकडा ऐकून मीही तिचं म्हणणं लगेच मान्य केलं. ते माझ्या सोयीचं होतं.

इथला कायदाही असाच विचार करतो. ज्येष्ठांसाठी 1965 साली मेडिकेअर आलं, त्यात नेहमीचे दंतोपचार आणि कवळी वगळली गेली. मूळ मेडिकेअरमध्ये ती आजही नाहीत. हृदय शरीराचा भाग, दात जणू दागिना! पण शरीर ही वाटणी मानत नाही. 2007 साली मेरीलँडमध्ये 12 वर्षांच्या एका मुलाच्या किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचला. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया होऊनही तो वाचला नाही. वेळेवर दात काढला असता तर त्याचा खर्च शंभर डॉलरच्या आत होता.

कुणी म्हणेल, पैसा मर्यादित असतो, आधी जीव वाचवावा. मान्य. पण जीव वाचवायचा तो कशासाठी? चारचौघांत बसून जेवावं, बोलावं, मोकळेपणाने हसावं, यासाठीच ना? हे सगळं तोंडातूनच होतं. दात गेले की माणूस आधी पंगतीतून उठतो, मग गप्पांतून आणि शेवटी फोटोतून.

आयुष्य चांगलं चाललंय की नाही, हे ज्याचं त्यानेच सांगावं, असं आपण मानतो. आईने तर सांगितलंच होतं. पण आयुष्यभर स्वतःची गरज कमी करायला शिकलेल्या माणसाचं 'काही अडत नाही' हे शब्दशः घ्यायचं का? मला वाटतं, नाही. तिने नको म्हणणं हा तिचा संकोच होता. तो तिचा निर्णय समजून मी मोकळा झालो, ही माझी चूक.

पुढच्या भारतभेटीत कवळी बसवली. आधी टोचली, नंतर रुळली. आता फोनवर तिचे शब्द स्पष्ट ऐकू येतात. ते आधी अस्पष्ट होते, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मंडळी, यंदा आईवडील आले की "काही त्रास आहे का?" असं नुसतं विचारू नका. ताटात काय उरतंय, ते बघा.